आठ महिने पीजीबॅकरेस्ट आणि एस थ्री : २० बाइटच्या फाइलपासून ५८ रुपयांच्या रात्रीपर्यंत

पीजीबॅकरेस्ट म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसचं बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर, आणि एस थ्री म्हणजे अॅमेझॉनची फाइल्स ठेवायची ऑनलाइन जागा. आमचं काम म्हणजे दूध संकलनाचं सॉफ्टवेअर. १४० गावांतली केंद्रं, सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक शेतकऱ्याचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरनं दर, आणि दर १० दिवसांनी बिल. सगळं एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, साधारण ६० जीबी. हा डेटा गेला तर गावात कुणी "सर्व्हर डाऊन होता" वगैरे ऐकून घेत नाही, सरळ ऑफिसात येऊन बसतात.

आधी आमचं बॅकअप म्हणजे रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणारी कमांड, त्याला पाइपने जोडलेलं जीझिप, म्हणजे ती प्रत दाबून लहान करणारी कमांड, आणि फाइल एस थ्रीच्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या आमच्या कप्प्यात. दोन वर्षं चाललं, म्हणजे आम्हाला वाटायचं चाललंय. मग एकदा सहज बकेट उघडून बघितली तर शेवटच्या ११ दिवसांच्या फाइल्स प्रत्येकी २० बाइट. बाइट, केबी पण नाही! झालं असं होतं की डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, पीजी-डंप लगेच मरत होता, पण जीझिप बिचारं रिकाम्या इनपुटचीही नीट २० बाइटची फाइल बनवतं आणि "सगळं ओके" सांगून बाहेर पडतं, आणि शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचंच ऐकतो, त्यामुळे स्क्रिप्टला शंकाच आली नाही. स्क्रिप्टच्या वर पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी सांगणारं सेटिंग) सेट केलं असतं तर पहिल्याच रात्री कळलं असतं. लाज वाटली, पण मग गिटलॅबचं आठवलं, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाने चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली आणि मग बघतात तर बॅकअपची बकेट रिकामी, कारण पीजी-डंप ९.२ व्हर्जनचा आणि डेटाबेस ९.६ चा, रोज एरर येत होता आणि एररचे मेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून वाचले. एवढ्या मोठ्यांचं असं झालं म्हटल्यावर आपलं काय.

असो. त्यानंतर पीजीबॅकरेस्ट टाकलं. सर्व्हर भाड्याचा, बकेट एस थ्रीच्या मुंबई रिजनमध्ये. रविवारी फुल (सगळा डेटा), बाकी दिवस डिफ (त्या फुलनंतर बदललेलं तेवढंच), आणि दिवसभर वॉल फाइल्स, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, जशा बनतील तशा वर जातात. वॉलची एक फाइल १६ एमबीची असते, पण आर्काइव्ह टाइमआउट ६० सेकंद ठेवलाय, म्हणजे फाइल भरली नाही तरी मिनिटाने पुढे जाते, सर्व्हर जळाला तरी साधारण मिनिटभराचं दूध जाईल. झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन लावल्यावर ६० जीबीचं फुल १४ जीबीत बसतं. आधी डंप चालू असताना सकाळी लवकर येणाऱ्या केंद्रांना स्लो लागायचं, ते बंद झालं.

पहिले दोन महिने एकदम शांत. तिसऱ्या महिन्यात आमचीच माती. सिक्युरिटी म्हणून बकेटची अॅक्सेस की बदलली, जुनी बंद केली, आणि कॉन्फिग फाइलमध्ये नवी टाकायची राहिली. पोस्टग्रेस काय करतं, वॉल फाइल वर गेली नाही तर ती डिलीट करत नाही, साठवत बसतं आणि परत परत ट्राय करतं. बरोबरच आहे म्हणा, पण डिस्क आपली असते ना. शुक्रवारी की बदलली, सोमवारी डिस्क ८० टक्क्यांचा अलर्ट आला, बघतो तर वॉलच्या फोल्डरमध्ये ३१ जीबी. अजून एक-दोन दिवस गेले असते तर डिस्क फुल होऊन डेटाबेसच बसला असता, म्हणजे बॅकअपमुळेच बंद पडलो असतो. की टाकली, तासाभरात सगळा ढीग वर गेला. यावर एक सेटिंग आहे, ढीग अमुक जीबीच्या वर गेला की पीजीबॅकरेस्ट फाइल सोडून देतं आणि पोस्टग्रेसला "गेली" असं सांगतं. आम्ही ते लावलं नाही, कारण मग मधलाच तुकडा गायब आणि पुढचं बॅकअप होईपर्यंत त्यानंतरच्या वेळेवर जाता येत नाही. त्यापेक्षा पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-आर्काइव्हर व्ह्यूमधली (वॉल वर गेली की नाही याची नोंद) शेवटची फेल वेळ दर ५ मिनिटांनी बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती मोबाइलवर बोंब मारते.

आता ती रात्र. आमच्याकडे नवीन लागलेला पोरगा, हुशार आहे, पण त्या दिवशी एका केंद्राचा म्हशीच्या दुधाचा एकच दर बदलायचा होता आणि त्याने अपडेट मारला व्हेअर न लावता, म्हणजे कुठली ओळ बदलायची ती अटच न घालता. दरपत्रकाच्या सगळ्या ओळींत ५८ रुपये. वेळ ७:४१, संकलन ऐन भरात. आम्हाला कळलं कसं, तर एका केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन, "साहेब, आज गायीचं घाला, म्हशीचं घाला, पाणी घातलं तरी ५८ च दाखवतंय, असंच राहू दे की."

चालू सर्व्हरवर रिस्टोअर करायचा प्रश्नच नव्हता, नंतरच्या नोंदी गेल्या असत्या. म्हणून दुसरा सर्व्हर घेतला, त्यावर ७:४० पर्यंतचं रिस्टोअर लावलं, वेळ टाकली १९:४०. डाउनलोड झालं, मग दिवसभराची वॉल एकेक लागत होती, ५० मिनिटं तोंडात बोटं घालून बसलो, आणि शेवटी फेटल एरर की दिलेली वेळ यायच्या आतच रिकव्हरी संपली. डोकं सुन्न. मग पोरग्यानेच विचारलं, "दादा, या सर्व्हरचा टाइमझोन काय?" यूटीसी, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे! म्हणजे मी त्याला सांगत होतो रात्री १ वाजून १० मिनिटांपर्यंत जा, जे अजून उजाडायचंच होतं. वेळेच्या शेवटी +०५:३० लावून परत मारलं, यावेळी डेल्टा ऑप्शन दिला, त्यात बदललेल्या फाइल्सच परत येतात, २० मिनिटांत काम झालं. आर्काइव्ह मोड ऑफ करूनच रिस्टोअर केलं होतं, नाहीतर हा नवा सर्व्हर स्वतःची वॉल त्याच बकेटमध्ये ढकलायला लागतो, हे डॉक्युमेंटेशनमध्ये आधी वाचलं होतं म्हणून वाचलो. मग दरपत्रकाचं टेबल तेवढं डंप करून चालू डेटाबेसमध्ये आणलं, मधल्या नोंदींचे दर परत काढले. रात्री साडेअकराला जेवलो.

तक्रारी आहेत. एकच टेबल परत पाहिजे असेल तरी अख्खा क्लस्टर (त्या पोस्टग्रेसमधले सगळे डेटाबेस) उतरवावा लागतो, वेगवेगळे डेटाबेस निवडता येतात पण टेबल नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पीजी-डंप अजून पण घेतो, आता पाइपफेलसकट. एन्क्रिप्शन चालू केलंय, पण त्याचा पासफ्रेज आम्ही चार महिने फक्त त्याच सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवला होता! म्हणजे सर्व्हर गेला की बकेटमध्ये १०० जीबी कचरा. आता कागदावर लिहून, पाकीट बंद करून मालकांच्या लॉकरमध्ये आहे.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला महिन्याला जीएसटी धरून चारशे-साडेचारशे रुपये पडतात. एकाने सल्ला दिला होता ग्लेशियरमध्ये (एस थ्रीचाच, क्वचित लागणाऱ्या फाइल्ससाठीचा प्रकार) टाका, अजून स्वस्त. नका टाकू. ९० दिवसांचं किमान भाडं लागतं, आमचं फुल दोन-तीन आठवड्यांत उडतं, आणि त्यातला इन्स्टंट प्रकार सोडला तर गरज पडली की फाइल आधी बाहेर काढायला सांगून वाट बघायची, संकलन चालू असताना कोण बघणार वाट. बकेटवर फाइल्स उडवणारा लाइफसायकल नियमही लावू नका, जुनं काय काढायचं ते पीजीबॅकरेस्टला ठरवू द्या, नाहीतर फुल उडतं आणि त्याच्यावर टेकलेले डिफ लटकतात.

आता दर १ तारखेला दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून बघतो, आणि ते तोच पोरगा करतो. वेळ टाकली की स्क्रीन माझ्याकडे वळवतो, शेवटी +०५:३० आहे हे दाखवतो, आणि मगच एंटर मारतो.