क्लाउड चेंबर संच: रेघा उत्तम, पुस्तिका अपुरी

क्लाउड चेंबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतभारित कणांचे मार्ग बाष्पातील रेघांच्या रूपात दाखवणारी पेटी. ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) चालणारा हा क्लाउड चेंबरचा संच शाळा-महाविद्यालयांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेला दिसतो. पारदर्शक पेटी, तळाशी काळा धातूचा पत्रा, झाकणाखाली आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायची फेल्टची पट्टी आणि बाजूने प्रकाश टाकणारा एलईडी दिवा एवढाच त्याचा पसारा आहे. झाकण घट्ट बसते, आणि या उपकरणात निम्मे यश त्यावरच अवलंबून असते. उणे ७८ अंश सेल्सिअसच्या ड्राय आइसमुळे तळालगत अतिसंपृक्त (जरा निमित्त मिळताच थेंब धरणाऱ्या) बाष्पाचा थर जमला की अल्फा कणांच्या जाड, आखूड रेघा आणि म्युऑनच्या (वैश्विक किरणांतून येणाऱ्या, इलेक्ट्रॉनसारख्या पण जड कणांच्या) बारीक, सरळ रेघा सहज वेगळ्या ओळखता येतात.

तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेविषयी. पॉझिट्रॉनविषयी, म्हणजे इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाच्या पण धनभारित कणाविषयी, ‘पॉझिट्रॉन म्हणजे काळात मागे जाणारा इलेक्ट्रॉन’ असे एक वाक्य टाकून ती मोकळी झाली आहे. वास्तविक ते समजावायला हीच पेटी पुरेशी होती, कारण उमटलेल्या रेघेवर बाण नसतो. चुंबकीय क्षेत्रात वर जाणारा धनभारित कण आणि त्याच वाटेने खाली येणारा ऋणभारित कण यांची वक्र रेघ एकच असते. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांनी १९३२ मध्ये हा पेच सोडवला तो क्लाउड चेंबरमध्ये बसवलेल्या ६ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पट्टीमुळे: ती ओलांडताना कणाची ऊर्जा घटली, पलीकडची रेघ अधिक वळली, दिशा ठरली आणि कण धनभारित, म्हणजे पॉझिट्रॉन, असल्याचे सिद्ध झाले.

भौतिकशास्त्रज्ञ स्ट्यूकेलबर्ग यांनी १९४१ मध्ये आणि फाइनमन यांनी १९४९ मध्ये जे मांडले, ते गणितातील याच समतुल्यतेविषयी होते: इलेक्ट्रॉनचा मार्ग काळाच्या उलट दिशेने वाचला, तर समीकरणात त्याच्या विद्युतभाराचे चिन्ह बदलते. यावरून पॉझिट्रॉन भूतकाळात निरोप पोहोचवतो असे मुळीच ठरत नाही. पेट स्कॅनमध्ये (शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य टोचून करायच्या तपासणीत) फ्लोरिन-१८ या किरणोत्सर्गी समस्थानिकातून तो आधी बाहेर पडतो, मग शरीरातील इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो आणि गॅमा किरण त्यानंतरच निघतात. पुस्तिकेने एवढे तरी सांगायला हवे होते.

संचातील लहान चुंबकाकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्याने मंद इलेक्ट्रॉन थोडेफार वळतात, वेगवान म्युऑन मात्र जवळजवळ सरळच जातात, त्यामुळे या पेटीत पॉझिट्रॉन खात्रीने ओळखता येणार नाही. रेघा पाहण्यासाठी संच अवश्य घ्यावा. ड्राय आइस आणि जाड हातमोजे वेगळे आणावे लागतात, आणि प्रयोग हवा खेळती असलेल्या खोलीतच करावा.