चिअरलीडिंगच्या निवड चाचणीची तयारी आणि विश्रामबागेतला एक जिम्नॅस्टिक्स वर्ग

माझी मुलगी विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका वर्षासाठी अमेरिकेतील शाळेत गेली आहे. तिथल्या चिअरलीडिंग पथकाच्या, म्हणजे सामन्यांच्या वेळी घोषणा, उड्या आणि नृत्य करून आपल्या संघाला प्रोत्साहन देणाऱ्या गटाच्या, निवड चाचणीला बसायचे, हे तिने एप्रिलमध्ये निवडीचे पत्र हाती पडले त्याच दिवशी ठरवून टाकले होते. तिकडच्या बऱ्याच शाळांमध्ये फुटबॉलच्या हंगामाचे पथक उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरलेले असते. त्यामुळे ऑगस्टमध्ये पोहोचणाऱ्या मुलीला बास्केटबॉलच्या हंगामासाठी ऑक्टोबरात होणारी चाचणी एवढीच संधी उरते. म्हणजे सांगलीतले मे ते जुलै हे दहा-अकरा आठवडेच आमच्या हाती होते. त्या काळात विश्रामबागेतील ज्या वर्गात ती जात होती, त्याविषयी मी येथे लिहीत आहे. काही तक्रारीही मांडायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही. शंभर फुटी रस्त्याकडे राहणाऱ्यांना ते ओळखता येईल.

वर्गाच्या फलकावर ‘जिम्नॅस्टिक्स, एरोबिक्स, चिअरलीडिंग’ असे तीन शब्द ठळक रंगवलेले आहेत. त्यातील तिसऱ्या शब्दावर विसंबून आम्ही तीन महिन्यांची सहा हजार रुपये फी एकरकमी भरली आणि पहिला आठवडा वाया घालवला. चिअरलीडिंग या नावाखाली तिथे जे चालते, ते शाळेच्या गॅदरिंगसाठी चित्रपटगीतांवर बसवलेले नृत्य आहे. हातात चकचकीत झुपके दिले की त्याचे चिअरलीडिंग होते, अशी ते शिकवणाऱ्या बाईंची समजूत दिसली. मी तक्रार केल्यावर मुलीला सकाळी सहाच्या जिम्नॅस्टिक्सच्या तुकडीत घेण्यात आले आणि तिथल्या वयस्कर सरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, “ते तुमचं चिअर का काय, ते आम्हाला येत नाही. उडी येते, कोलांटी येते, आणि पडायचं कसं ते येतं. बाकीचं तुम्ही बघा.” फलकापेक्षा हे वाक्य कितीतरी प्रामाणिक होते, आणि पुढचे सगळे या वाक्याप्रमाणेच घडले.

मुलीच्या शाळेने पाठवलेल्या पत्रकानुसार चाचणीत तीन उड्या, जमेल तेवढे टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्यांचे प्रकार), आणि चाचणीआधीच्या दोन-तीन दिवसांत शिकवली जाणारी एक घोषणा व एक छोटे नृत्य करून दाखवायचे होते. शिवाय आवाज, चेहऱ्यावरचा उत्साह आणि हातांच्या ठरावीक स्थितींची अचूकता यांनाही गुण होते. यातील उड्यांच्या बाबतीत हा वर्ग पैसे वसूल करून देतो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

टो टच नावाची उडी हे त्याचे उत्तम उदाहरण. नाव ऐकून वाटते की हवेत पायांची बोटे पकडायची असतात, आणि आमची कन्या घरी सोफ्यासमोर तेच करत होती. प्रत्यक्षात हात खांद्यांच्या रेषेत आडवे ताणलेले राहतात, छाती वर राहते आणि दोन्ही बाजूंना फाकवलेले पाय हातांपर्यंत उचलायचे असतात. हात पायांकडे नेले की पाठ वाकते आणि उडी बेडकासारखी दिसते. सरांनी ही उडी पूर्वी कधी शिकवलेली नव्हती, तरी मोबाइलवर दोनदा पाहून त्यांनी दुखणे नेमके पकडले. लवचिकपणा पुरेसा आहे, पाय उचलणारी ताकद नाही, असे त्यांचे निदान होते. मग पाय फाकवून जमिनीवर बसायचे, तळवे पुढे टेकवायचे आणि गुडघे न वाकवता दोन्ही पाय जमिनीपासून वर उचलायचे, असा व्यायाम रोज पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या सुरू झाला. पहिल्या दिवशी तिच्या टाचेखालून चार बोटे सरकतील एवढेच अंतर पडत होते आणि नवव्या-दहाव्या वेळेला मांड्यांमध्ये पेटके येत होते. जुलैच्या मध्यावर पाय वीतभर वर जाऊन क्षणभर तिथे थांबू लागले. सरांनी उडीला प्रत्यक्ष हात घातला तो त्यानंतरच.

उतरण्याच्या बाबतीत तर ते अक्षरशः छळवाद करत. दोन्ही पाय जुळलेले, गुडघे सैल, आणि आवाज शून्य. पाय आपटले की हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून हाक येई, “भांडं पडलं काय गं?” चिअरलीडिंगच्या परीक्षणातही पाय फाकून उतरणाऱ्याचे गुण कापले जातात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, जिम्नॅस्टिक्सची शिस्तच तशी आहे. कार्टव्हील, म्हणजे हातांवरून बाजूला घेतलेली चाकासारखी कोलांटी, आणि राउंड ऑफ, म्हणजे तशीच पण दोन्ही पाय जुळवून उतरायची कोलांटी, या दोन गोष्टी त्यांनी स्वच्छ करून घेतल्या. बॅक हॅन्डस्प्रिंग, म्हणजे मागे उडी घेऊन हातांवरून पुन्हा पायांवर येणे, शिकवायला मात्र सरळ नकार दिला, कारण एवढ्या आठवड्यांत घाईने मागे उडी घ्यायला शिकलेले पोर मानेवर पडते, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा मला राग आला होता, पण आज सरांचेच बरोबर होते असे वाटते.

ही झाली जमेची बाजू. या वर्गात मुलाला गप्प राहायला शिकवतात, आणि चिअरलीडिंगमध्ये गप्प राहून भागत नाही, हा मुख्य दोष ठरतो. जिम्नॅस्ट नजर खाली ठेवून, ओठ मिटून, आपल्या शरीराकडे लक्ष देत काम करतो. चिअरलीडरला तेच काम समोरच्या गॅलरीकडे पाहत, हसत आणि ओरडत करायचे असते. आठ आठवड्यांनंतर मुलीच्या उड्या सुरेख झाल्या होत्या, पण चेहरा बारावीच्या गणिताच्या पेपरला बसल्यासारखा होता. हॉलमध्ये आरसाही नाही. हाय व्ही म्हणजे दोन्ही हात वर तिरके ताणून धरण्याची स्थिती. त्यात मुठी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतील एवढे हात पुढे असावे लागतात आणि मनगट रेषेतच राहावे लागते. मुलाला आपले मनगट वाकले आहे हे आरशाशिवाय कळत नाही. आम्ही घरी कपाटाच्या आरशासमोर तो सराव केला. निम्मा हात कपाटाबाहेर जाई, तो भाग वेगळा.

आवाजाचा प्रश्न शेवटी मार्केट यार्डात सुटला. मी आडत दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळे हळदीचे सौदे रोज कानावर पडतात. सकाळपासून बोली पुकारणारा माणूस दुपारपर्यंत तसाच खणखणीत राहतो, कारण तो घशातून किंचाळत नाही; पोट आत ओढून, आवाज खालच्या पट्टीत ठेवून, शब्दाचे शेवटचे अक्षर तोडून फेकतो. एका शनिवारी मुलीला सौद्याला घेऊन गेलो आणि पुढच्या चार रविवारी मोकळ्या मैदानावर शंभर पावलांवर उभे राहून तिच्या इंग्रजी घोषणा ऐकल्या. शब्द कळला नाही तर मी हात वर करायचा, एवढाच नियम होता. मैदानावर फिरायला येणाऱ्या आजोबांनी “हे आयपीएलमधलं का?” असे दोनदा विचारले. त्यांची चूक नाही, आपल्याकडे 2008 पासून बहुतेकांनी हा प्रकार तिथेच पाहिला आहे. पण याची सुरुवात 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या एका मुलाने प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या तेव्हापासून धरतात, आणि मुली त्यात पुष्कळ नंतर आल्या. सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग पोरांची बॅच काढायला हरकत नाही.”

आता सोयींविषयी. मॅट चांगल्या जाडीच्या आहेत, परंतु एकमेकांना जोडलेल्या नाहीत, आणि उड्या मारता मारता त्यांच्यात फटी पडतात. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा घोटा अशाच एका फटीत मुरगळला. हॉलमध्ये प्रथमोपचाराची पेटी नव्हती. बर्फ समोरच्या रसवंतीतून आणावा लागला. पाच दिवस गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः मॅटना खालून पट्ट्या लावल्या, पण हे काम आधी व्हायला हवे होते. सगळा सराव अनवाणी चालतो, आणि चिअरलीडिंग बुटांवर करतात, हाही फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेवटचे दोन आठवडे आम्ही विनंती करून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत उड्या करून घेतल्या, तेव्हा तिच्या उडीची उंची पहिल्या दिवशी स्पष्टपणे कमी झाली. खास बूट इथे शोधत बसू नये. ते वजनाने हलके असतात आणि मुलीला वर उचलणाऱ्यांना पकड मिळावी म्हणून त्यांच्या तळाला बोटांसाठी खाचा असतात, तसे आम्हाला सांगलीत कुठे मिळाले नाहीत.

ऑक्टोबरअखेर मुलीचा फोन आला. निवड झाली आहे, पण जिला वर उचलतात ती फ्लायर म्हणून नव्हे, तर खाली उभे राहून उचलणारी बेस म्हणून. उतरताना पाय वाजत नाहीत, हे तिथल्या प्रशिक्षक बाईंनी सगळ्यांसमोर सांगितले. बॅक हॅन्डस्प्रिंग न आल्याने गुण कमी पडले, आवाजाचे पूर्ण मिळाले. सरांना हे कळवले तेव्हा त्यांनी फक्त “पाय जुळले होते ना?” एवढेच विचारले.

तेव्हा आठ-दहा आठवडे हाताशी असतील आणि उड्या, ताकद व कार्टव्हील यांचा पाया घालायचा असेल, तर सकाळी सहाच्या तुकडीत मुलांना जरूर घालावे. संध्याकाळच्या चिअरलीडिंगच्या तुकडीत घालू नये. फी महिन्याची महिन्याला भरावी. जुलैअखेर कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ चढू लागले, कर्नाळ रस्त्याकडून येणारे सर अडकले आणि वर्ग सहा दिवस बंद राहिला. त्या सहा दिवसांचे पैसे किंवा बदली तास द्यावेत, असे मी कार्यालयात तीनदा विचारले आहे. तिसऱ्या वेळी उत्तर मिळाले, “दिवाळी झाल्यावर बघू.”