मालाडचं गळ-रीलचं दुकान आणि त्यांची रविवारची गरवायची (गळाने मासे धरायची) सकाळ: पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी नक्की वाचा

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय, तो लाइफ जॅकेटचा मुद्दा आहे तेव्हा बाकी काही नाही वाचलं तरी तेवढं वाचाच.

आधी मी तिथे पोचलो कसा ते सांगतो. माझी लेक अकरा वर्षांची. सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलेली, अमेरिकेतला एक बाप पोराला घेऊन सरकारी जंगलात हरणाच्या शिकारीला जातो, दोघांच्या अंगात भडक केशरी जाकिटं, तासन् तास बसून राहतात आणि शेवटी पोरगा बंदूक खाली ठेवतो कारण हरीण झाडाआड असतं, नेम नीट बसणार नसतो. लेक मला म्हणाली बाबा आपण का नाही जात? मी म्हटलं आपल्याकडे बंदी आहे, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, घरट्यातली अंडी फोडली तरी ती शिकारच धरतात. तर म्हणते मग तिकडे मुलांना शिकवतात ते चूक आहे का? मला पटकन उत्तर देता येईना. मग मीच थोडं वाचलं, तिकडे बऱ्याच ठिकाणी पोरांना आधी कोर्स करावा लागतो, लायसन्स लागतं, सीझन ठरलेला असतो, आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा 1937 च्या कायद्यापासून वन्यप्राण्यांच्या कामाला जातो. म्हणजे त्यांची एक पद्धत आहे, त्यांच्या जमिनीची, त्यांच्या हरणांची. ती उचलून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आणता येत नाही आणि आणूही नये.

पण लेकीचा प्रश्न मला सोडेना कारण माझ्या स्वतःच्या घरात पारध होती. आजोबा कोकणात डुकराच्या हाक्याला जायचे, बाबा सांगतात की जनावर पडलं की वाडीत घरटी वाटा जायचा, ज्या घरातून कोणी गेलं नसेल तिथेसुद्धा, आणि गाभण मादीवर बार टाकला तर त्या माणसाला पुढच्या वेळी कोणी बरोबर घेत नसे. आणि मी काय केलं? मी नऊ-दहा वर्षांचा असताना मे महिन्यात गावी बेचकीने होला पाडला. पाडला म्हणजे मेला नव्हता, पंख मोडून आंब्याखाली गोल गोल फिरत होता, डोळा उघडा, आणि मला ना त्याला उचलायची हिंमत ना मारायची, मी पळून आलो घरात. संध्याकाळी बघायला गेलो तर मुंग्या. हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं, या वेळी सांगितलं.

तर मग ठरवलं की मासे. मुंबईत राहतो, समुद्र दारात आहे, मासे आपण खातो, किनारा सगळ्यांचा आहे, तिथून सुरुवात करावी. याआधी एका ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव लिहीत नाही, तिथला प्रकार बघून मी मधूनच निघालो होतो. बोटाएवढी पिल्लं काढून बादलीत टाकायची, पोरांच्या हातात देऊन फोटो काढायचे आणि जाताना बादली वाळूत उपडी. पोरं हसत होती कारण त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

या दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या काकांना म्हटलं पोरीसाठी एखादा सेट दाखवा. त्यांनी रॉडला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. पोहता येतं का हिला? घरी मासे खाता का? आणि मिळालेला मासा मारणार कोण? तिसऱ्याला मी गप्प. काका म्हणाले ठरवून या, सामान कुठे पळून जात नाही. खरंच काही न विकता परत पाठवलं आम्हाला. मला आधी राग आला, रिक्षाचे पैसे गेले म्हणून, पण घरी येताना लेक म्हणाली बाबा तू मारशील का? आणि तिथून आमचं जे बोलणं सुरू झालं ते दोन दिवस चाललं.

पुढच्या शनिवारी परत गेलो. सात फुटी रॉड, 3000 साइझचं रील, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), शिशाची वजनं आणि दहा गळ, सगळं मिळून 2,350 रुपये झाले. ऑनलाइन यापेक्षा स्वस्त मिळतं, मी आधी मागवलेलं, त्याचं रीलचं हँडल तिसऱ्या दिवशी हातात आलं. इथे काकांनी रॉड लेकीच्या हातात देऊन दुकानाबाहेर फुटपाथवर वजन बांधून फेकायला लावलं, तिचा खांदा दुखेल म्हणून आधी काढलेला जड रॉड स्वतःहून बदलून हलका दिला. मी तीन तोंडाचा गळ मागितला तर पोरांना देत नाही म्हणाले. एकतोंडी गळ दिले आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला, माझ्यासमोर, दहाच्या दहा. मी म्हटलं अहो मासा निसटेल. म्हणाले निसटू दे की, सोडायचा असेल तेव्हा तोंड फाटणार नाही, आणि हिच्या बोटात रुतला तरी सरळ निघेल. एक रिकामी बाटली पण दिली, तुटलेली तंगूस त्यात भरून परत आणून द्यायची, कारण ती खडकावर राहिली की बगळ्यांच्या पायात अडकते. पुढच्या खरेदीला बाटली दाखवली तर गळाचं एक पाकीट फ्री आहे.

आता रविवारच्या सकाळबद्दल. हे लोक रविवारी चार-पाच कुटुंबं घेऊन मार्वेच्या खाडीला जातात, एक मोठं माणूस आणि एक मूल मिळून 1,500 रुपये, आमिष आणि चहा त्यात. शिकवायला एक म्हातारे कोळी असतात, सगळे त्यांना नाखवा म्हणतात. वेळ ते मोबाइलवर बघत नाहीत, तिथीवर सांगतात. तिथीला पाऊणाने गुणायचं की भरतीची वेळ. आमची दशमी होती, दिवाळीनंतरची, दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती पूर्ण, म्हणून साडेपाचला जेट्टीवर या. लेकीने घरी येऊन भरतीचा तक्ता उघडला, थोड्याच मिनिटांचा फरक निघाला. तेव्हापासून ती कॅलेंडरवर भरत्याच काढत बसते.

पहिला अर्धा तास नाखवांनी गळ पाण्यात टाकूच दिला नाही. कुठे टाकायचा नाही ते आधी. डोलीच्या (खाडीत बांधून ठेवलेल्या जाळ्याच्या) खुंटांजवळ नाही, कोणाची होडी लागली असेल तिथे नाही, तिवरांच्या मुळांत नाही कारण तिथे पिल्लं असतात. किनारा सगळ्यांचा असला तरी जाळं ज्याचं त्याचं, त्यातून एखाद्याचं पोट चालतं, हे त्यांनी पोरांना इतकं सरळ सांगितलं की बाजूला उभे असलेले आम्ही बापलोकही ऐकत राहिलो. एका मुलाने विचारलं कासव लागलं तर? तर म्हणाले माझ्या जाळ्यात आलेलं, जाळं कापून सोडलं. अशा कापलेल्या जाळ्याची सरकारकडून भरपाई मिळते हे मला माहीत होतं, 2018 पासून योजना आहे, जास्तीत जास्त 25,000 रुपये. कासव आणि व्हेल शार्कसारखे कायद्याने संरक्षण दिलेले जीव जिवंत सोडले तर.

मग पट्टी. प्रत्येक पोराला लाकडी पट्टी दिली, त्यावर खुणा केलेल्या. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींची कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, त्याखालचा मासा धरायचा नाही, पापलेटला 135 मिलिमीटर. पापलेट काही गळाला लागत नाही पण पोरांना तो ओळखीचा म्हणून सांगतात, आणि त्याच वर्षी तो राज्य मासा झाला हेही सांगतात. ज्या माशाची लांबी यादीत नाही त्याला नाखवांचा स्वतःचा नियम, पोराच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरला नाही तर परत. मला हा नियम फार आवडला, कारण पोराचा हातच माप आहे.

लेकीला पहिला लागला तो हेकरू, तळहाताएवढा. नाखवा म्हणाले, "बारका हाय, सोर त्याला." पण त्याआधी तिचे हात खाडीच्या पाण्यात बुडवायला लावले, कोरड्या हाताने धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघून जातो आणि मग सोडूनही जगत नाही म्हणे. गळ हलकेच निघाला, तो दाबलेला काटा तिथे कळला. तिने त्याला पाण्यात धरून ठेवला, कल्ले उघडमीट करताना बघितले, आणि एकदम तो हातातून गेला. दुसरा केंड, फुगून चेंडूसारखा, पोरांची गर्दी झाली, नाखवांनी कोणाला दाबू दिलं नाही, फोटोला थांबूही दिलं नाही. विषारी आहे आणि त्याचा जीव जातोय, बस, पाण्यात.

साडेसातच्या जरा आधी तिसरा लागला. शिंगाळा. रॉड वाकला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. वर आला तेव्हा कुरकुर असा आवाज करत होता, शिंगाळा करतो तसा, आणि तिन्ही काटे ताठ. नाखवांनी ओल्या फडक्यात धरला, तिच्या हाताशी लावला, कोपरापासून बोटांपर्यंत भरला. मग तिच्याकडे बघून विचारलं, "पोरी, नेयाचा का सोराचा?" कोणी घाई केली नाही. मी पण काही बोललो नाही, बोलावंसं फार वाटलं. ती म्हणाली याच्या पोटात अंडी आहेत का? नाखवांनी सांगितलं की शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो, तेवढे दिवस काही खात नाही, म्हणून तो गळाला येत नाही, मोठ्या जाळ्यात मात्र तोंडातल्या अंड्यांसकट सापडतो आणि तसाच हा मासा कमी झाला. फडकं जरा सरकवून याचं तोंड उघडून दाखवलं, रिकामं. मग ती म्हणाली, नेऊया.

मग नेयाचा तर तडफडत ठेवायचा नाय, एवढंच म्हणाले. लाकडी दंडुक्याचा डोक्यावर एक टोला, मासा एकदा थरथरला आणि सरळ झाला, लगेच कल्ले कापून पाण्यात धरला. दहा सेकंद असतील. लेकीने नजर हटवली नाही. बाजूच्या एका बाईंनी आपल्या मुलाचे डोळे झाकले तर नाखवा त्यांना शांतपणे म्हणाले की वैनी, त्याला बघू द्या, जेवताना डोळे झाकतो का तो. मला तेव्हा तो आंब्याखालचा होला आठवला आणि कोणी मोठं माणूस त्या दिवशी माझ्या बाजूला असतं तर किती बरं झालं असतं असं वाटलं. मुलांना शिकवायचंच असेल तर असं कोणीतरी बाजूला उभं असताना शिकावं, नाहीतर शिकवूच नये असं माझं ठाम मत झालंय.

आता तक्रारी. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट फक्त दोन होती आणि पोरं पाच. माझ्या लेकीला मोठ्यांचं दिलं, ते खांद्यावरून वर सरकत होतं, पाण्यात पडली असती तर डोक्यातून निघालं असतं. मी तिथेच बोललो, नाखवांनी दोरीने बांधून दिलं, पण हे बांधण्याचं काम नाही. काकांना दुकानात येऊन पण सांगितलं, त्यांनी मान्य केलं. तोवर आपलं जॅकेट घेऊन जा, खाडीला ओढ असते. दुसरं, तिथे बाथरूमची काही सोय नाही, मुलींना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. काउंटरवरचा दुसरा मुलगा महागडं रील गळ्यात मारायला बघतो, काका असतील तेव्हाच जा, सकाळी अकरानंतर असतात. जून-जुलैमध्ये ही रविवारची सकाळ बंद असते. तेव्हा यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, 1 जून ते 31 जुलै, काठावरून गळ टाकायला ती लागू नाही, पण हे लोक स्वतःहून बंद ठेवतात. पावसात खडकावर पोरं नकोतच आणि मासे अंड्यावर असतात तेव्हा आपणही थांबावं म्हणतात. मला पटलं.

घरी आल्यावर आईने शिंगाळ्याचं कालवण केलं, आंबट जरा जास्त घालून. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी, त्यामुळे रात्रीच्या आत संपलंच पाहिजे असं तिचं म्हणणं. मी लेकीला आजोबांच्या वाट्याचं सांगितलेलं होतं, तिने आपणहून एक वाटी भरली आणि समोरच्या काकूंकडे घेऊन गेली. दार उघडंच होतं म्हणून मला ऐकू आलं. काकू म्हणाल्या, अगंबाई, कुठून आणलात गं शिंगाळा? तर ही म्हणते, "आणला नाही काकू. मी धरला, आणि नाखवांनी मारला, पण मी हो म्हटलं होतं."