वरुडकडचा रंगीत फोटो पार्क: दुपारी नको, चारला जा

वरुडात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधीचं शूट म्हटलं की आमच्याकडची जोडपी आजवर चिखलदऱ्याला जायची, नाहीतर सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणावर. आता मोर्शी रस्त्यापासून थोडं आत, संत्र्याच्या बगिच्याला लागूनच एका शेतकऱ्यानं फोटो पार्क केला आहे. मागच्या रविवारी पुतण्याला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला घेऊन गेलो. माय आणि बाबाही सोबत होते.

पोचलो साडेबाराला, तिथंच चुकलं. गुलाबी भिंतीला टेकवून पोरीला उभं केलं तर गालावर, मानेवर सगळी गुलाबी झाक. ऊन भिंतीवर आदळून परततं ते रंग घेऊनच. पाच-सहा फूट पुढं आणलं तेव्हा कुठं चेहरा जागेवर आला. वर टांगलेल्या छत्र्यांच्या गल्लीत तर नवरदेवाचं अर्धं तोंड हिरवं, अर्धं लाल! हीच गल्ली चारनंतर फार सुंदर दिसते, कारण तेव्हा ऊन छत्र्यांच्या खालून तिरपं येतं. पिवळ्या भिंतीपुढं हळदीच्या रंगाची साडी नेसून जाऊ नका, माणूस भिंतीत हरवतो. तिच्यासाठी निळ्या दाराची चौकट आहे.

मला सगळ्यात आवडली ती रंगवलेली रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी. मायच्या लग्नात फोटोच निघाला नव्हता. ती आधी लाजली, मग पदर डोक्यावर घेऊन चढून बसली. बाबा मात्र चाकापाशी वाकले, आखावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वंगणच नाही बाप्पा याले, आख कोरडा हाय." माय खळखळून हसली. नेमका तोच फोटो मिळाला. मागं अंबिया बहाराची पिकली संत्री, एकही खोटी नाही. असा पडदा कोणत्या स्टुडिओत मिळणार?

तिकीट माणशी ५० रुपये, मोठ्या कॅमेऱ्याचे ५०० वेगळे. जागेच्या मानानं मला रास्त वाटले. संडास स्वच्छ आहेत, प्यायला माठाचं पाणी आहे. पण कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नाही. नवरीनं तीन वेळा साडी बदलली आणि तिन्ही वेळा तिची आई दार धरून उभी होती. लांबून येणाऱ्या पोरीबाळींसाठी ही कडी नव्या भिंतीपेक्षा जास्त गरजेची आहे.

डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, म्हणजे चारला गेलात तर हाती दीडच तास उरतो. कपडे घरूनच ठरवून न्या.

कडीचं मालकाला सांगितलं. "भाऊ, उद्याच लावतो," म्हणाले. येत्या शनिवारी दुसरं जोडपं घेऊन जातो आहे, तेव्हा पाहीन. बाबांनी वंगणाचा डबा गाडीत ठेवायला सांगितला आहे.