एम. फार्म.चे प्रोजेक्टचे वर्ष: फॉर्म्युलेशन विभागात की कारखान्याच्या क्यूसीत?

फार्मास्युटिक्स किंवा क्वालिटी अश्युरन्स या शाखेतून एम. फार्म. करणाऱ्या विद्यार्थ्याला तिसरे आणि चौथे सत्र मिळून संशोधनाचे जे वर्ष मिळते, ते कंपनीत काढण्याची संधी आली, तर ती बहुधा दोन रूपांत समोर येते. पहिले रूप संशोधन केंद्रातील फॉर्म्युलेशन विभागाचे, म्हणजे औषधाला गोळीसारखे रूप देणाऱ्या विभागाचे, ज्याला सगळे ‘एफ अँड डी’ म्हणतात. मुळशी तालुक्यातील नांदे, हिंजवडी किंवा नवी मुंबईतील महापे येथे अशी केंद्रे आहेत. दुसरे रूप कारखान्यातील गुणवत्ता नियंत्रणाचे, म्हणजे ‘क्यूसी’चे, त्यासाठी तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातील वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींत राहायला जावे लागते. मी माझे प्रोजेक्टचे वर्ष एफ अँड डीमध्ये काढले, नोकरीची पहिली चार वर्षे क्यूसीत केली आणि आता दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांची कंपनीतील मार्गदर्शक म्हणून काम पाहते. संशोधन म्हणजे वरचे काम आणि क्यूसी म्हणजे रोजचा रगाडा, या समजुतीवर अनेक जण हा निर्णय घेतात. ही समजूत चुकीची आहे असे मला वाटते, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक फरक लक्षात घ्यावा. बी. फार्म.च्या सहाव्या सत्रानंतर जे १५० तासांचे औद्योगिक प्रशिक्षण होते, त्यात विद्यार्थी पाहुणा असतो. त्याला विभाग दाखवले जातात, काचेपलीकडून यंत्रे दाखवली जातात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. प्रोजेक्टच्या वर्षात तसे राहत नाही. तुमच्या नावावर काम लावले जाते, त्याची नोंद तुमच्या सहीने होते आणि ती नोंद पुढे कोणीतरी तपासणार असते. त्यामुळे कोणती कंपनी यापेक्षा कोणते काम, आणि कोणाच्या हाताखाली, हे आधी विचारले पाहिजे.

एफ अँड डीमधील प्रोजेक्ट बहुतेक वेळा जेनेरिक गोळीचा असतो. मूळ कंपनीची गोळी आणून तिचे वजन, जाडी, हार्डनेस आणि डिसोल्यूशन (गोळीतून औषध द्रवात विरघळण्याचा वेग) मोजायचे, औषधाचे कोणत्या घटकांशी जमते ते पाहायचे आणि मग छोट्या ट्रायल बॅच घ्यायला लागायचे. आरएमजी या मिश्रणयंत्रात ग्रॅन्युलेशन (भुकटीचे दाणे करणे), एफबीडी या गरम हवेच्या यंत्रात वाळवण, चाळण, ब्लेंडिंग, कॉम्प्रेशन (दाबून गोळी करणे) असा क्रम महिनोन्महिने पुन्हा पुन्हा करावा लागतो. एखाद्या दिवशी गोळीचे वरचे टोपण निघते, म्हणजे कॅपिंग होते. एखाद्या दिवशी गोळी दिसायला उत्तम असते, पण मॅग्नेशियम स्टिअरेट हे वंगण गरजेपेक्षा जास्त वेळ मिसळल्यामुळे डिसोल्यूशन मंदावलेले असते. मूळ गोळीच्या आणि आपल्या गोळीच्या डिसोल्यूशनची तुलना करणारा एफ२ हा आकडा ५० च्या वर जाईपर्यंत चैन पडत नाही. या कामात एक फार मोलाची सवय लागते: बिघाड झाला की घटक बदलायचा, प्रमाण बदलायचे की प्रक्रिया बदलायची, याचा विचार करून एका वेळी एकच गोष्ट हलवायची, किंवा अनेक गोष्टी हलवायच्या असतील तर त्या प्रयोगांची आखणी आधी कागदावर करायची. पाठ्यपुस्तकात वाचलेले ‘क्वालिटी बाय डिझाइन’, म्हणजे गुणवत्ता आखणीतच बसवणे, माझ्या डोक्यात खऱ्या अर्थाने शिरले ते तिथे, सव्विसाव्या ट्रायलच्या आसपास.

मात्र या विभागातील विद्यार्थ्याचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो, हेही सांगितले पाहिजे. नमुने विश्लेषण विभागात जातात आणि तेथे कंपनीच्या तातडीच्या कामांची रांग असते. तुमच्या नमुन्यांचा क्रमांक शेवटी लागतो. ज्याला स्वतः एचपीएलसी (नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणारे उपकरण) चालवायला मिळत नाही, त्याला दोन ओळींचा निकाल हाती येतो आणि तो कसा आला हे समजत नाही. त्यामुळे मुलाखतीच्या वेळीच ‘माझे डिसोल्यूशनचे नमुने मला स्वतः करता येतील का’ हा प्रश्न विचारावा. याचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्या प्रोजेक्टचे मूल्य दुप्पट होते.

आता क्यूसी. येथील काम बाहेरून एकसुरी दिसते, आणि काही अंशी ते तसे आहेही. नमुना येतो, त्याला क्रमांक पडतो, ठरलेल्या पद्धतीने तपासणी होते, निकाल नोंदला जातो. परंतु औषधनिर्मितीच्या धंद्याचा कणा याच नोंदीत आहे, आणि तो विद्यार्थिदशेत हाताला लागणे ही मोठी कमाई आहे. वजनकाट्याची छापील पट्टी लगेच जोडायची. सुट्या कागदावर एकही आकडा लिहायचा नाही. चूक झाली तर खोडायचे नाही, एक रेघ मारून सही, तारीख आणि कारण लिहायचे. क्रोमॅटोग्राममधील, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखातील, शिखराचे इंटिग्रेशन (क्षेत्रफळाची मोजणी) बदलले तर ते कोणी, केव्हा आणि का बदलले हे संगणकाच्या ऑडिट ट्रेलमध्ये राहते आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा अमेरिकेचा ‘२१ सीएफआर भाग ११’ हा नियम १९९७ पासूनचा आहे, आणि आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममुळे, म्हणजे औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींच्या नियमांमुळे, लहान कारखान्यांनाही आपल्या गुणवत्ता व्यवस्थेकडे नव्याने पाहावे लागले. निकाल मर्यादेबाहेर गेला, म्हणजे ‘ओओएस’ झाला, की सहज पुन्हा तपासून बघण्याची मुभा नसते. आधी प्रयोगशाळेत चूक झाली का, याचा रीतसर शोध घ्यावा लागतो. हा शोध एखाद्या अनुभवी विश्लेषकाशेजारी बसून एकदा जरी पाहिला, तरी महाविद्यालयात आपण किती सहजपणे नको तो आकडा वगळत होतो, हे लक्षात येते. मला स्वतःला ते लक्षात आले, आणि त्या जाणिवेने मी काही दिवस अस्वस्थ होते.

क्यूसीचा खरा धोका वेगळा आहे. विक्रीसाठी जाणाऱ्या बॅचचे नमुने तपासण्याची परवानगी विश्लेषक म्हणून पात्रता सिद्ध केल्याशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की काही ठिकाणी विद्यार्थ्याला वर्षभर जुन्या बॅचचे आकडे तक्त्यात भरायला बसवतात आणि त्यालाच वार्षिक उत्पादन आढाव्याचा प्रोजेक्ट म्हणतात. अशा प्रोजेक्टमधून प्रबंध होतो, हात मात्र तयार होत नाही. त्याउलट विश्लेषण पद्धती विकसित करून तिचे व्हॅलिडेशन करणे, म्हणजे ती भरवशाची आहे हे आकड्यांनी सिद्ध करणे, किंवा क्लीनिंग व्हॅलिडेशनसाठी (यंत्रे नीट साफ होतात हे सिद्ध करण्यासाठी) स्वॅबमधील, म्हणजे यंत्र पुसलेल्या बोळ्यातील, अवशेष मोजण्याची पद्धत बसवणे, असा विषय मिळाला, तर तो डोळे मिटून घ्यावा.

वेळेच्या गणितात दोन्ही विभागांत मोठा फरक पडतो, आणि विद्यार्थी नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. फॉर्म्युलेशनच्या प्रबंधात स्थिरतेची, म्हणजे साठवणीत औषध किती टिकते याची, आकडेवारी अपेक्षित असते. ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता या प्रवेगक स्थितीत पूर्ण अभ्यास सहा महिन्यांचा असतो. तो कोणालाही घाईने उरकता येत नाही. ऑगस्टमध्ये रुजू होऊन मेअखेर प्रबंध द्यायचा असेल, तर अंतिम फॉर्म्युला ठरून गोळ्या नोव्हेंबरपूर्वी त्या स्थितीच्या चेंबरमध्ये गेल्या पाहिजेत. नाहीतर तीन महिन्यांच्या आकड्यांवर समाधान मानावे लागते. माझ्या वर्षी तर फेब्रुवारीत कंपनीने ते उत्पादनच थांबवले. निर्णय व्यावसायिक होता आणि कंपनीच्या दृष्टीने बरोबरही असेल, परंतु चेंबरमधील नमुने काढले गेले आणि माझ्या प्रबंधाचा उत्तरार्ध ट्रायल बॅचच्या सांख्यिकीवर उभा करावा लागला. विश्लेषण पद्धतीच्या व्हॅलिडेशनला असा धोका कमी असतो. आयसीएच या औषधांच्या नियमांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू२ या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ज्यांची सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, रेखीयतेसाठी (प्रमाणाबरोबर निकाल सरळ रेषेत वाढतो का) किमान पाच संहती आणि अचूकतेसाठी तीन पातळ्यांवर मिळून किमान नऊ निर्धारणे लागतात. पद्धत एकदा बसली की हे काम काही आठवड्यांत होते, आणि उरलेला वेळ औषधावर आम्ल, अल्कली, उष्णता, प्रकाश यांचा मारा करून त्याचे कोणते तुकडे पडतात हे पाहण्यासाठी वापरता येतो.

गोपनीयतेचा मुद्दा दोन्हीकडे आहे, पण एफ अँड डीमध्ये तो जास्त बोचतो. नव्या उत्पादनाच्या प्रबंधात औषधाचे नाव लपवावे लागते, घटकांना सांकेतिक अक्षरे द्यावी लागतात आणि शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची परवानगी अनेकदा मिळत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ‘हे औषध कोणत्या वर्गातले आहे’ असे विचारतात आणि विद्यार्थ्याला त्याचेही उत्तर देता येत नाही. ज्याला पुढे पीएच. डी. करायची आहे आणि त्यासाठी प्रसिद्ध झालेला निबंध हवा आहे, त्याने रुजू होण्यापूर्वी कंपनीतील मार्गदर्शकाला ईमेल पाठवून दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: प्रबंधात काय छापता येईल, आणि निबंध पाठवता येईल का. बाजारात जुन्या झालेल्या औषधाच्या विश्लेषण पद्धतीसाठी ही परवानगी तुलनेने सहज मिळते.

पैशांविषयी थोडक्यात. जीपॅट या प्रवेशपरीक्षेद्वारे मिळणारी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती चालू असेल, तर तिच्या अटींनुसार दुसरीकडून विद्यावेतन घेता येत नाही. म्हणून कंपनीची रक्कम स्वीकारण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयाशी बोलावे. पुण्या-मुंबईजवळच्या केंद्रात भाड्यालाच बरेच पैसे जातात. वसाहतीच्या गावी खोली आणि मेस स्वस्त पडते, कंपनीची बसही असते, पण संध्याकाळी सहानंतर करण्यासारखे फारसे काही नसते. तो वेळ वाचनाला दिला तर चांगला जातो. तिसऱ्या सत्रातील संशोधन पद्धती आणि जैवसांख्यिकीच्या परीक्षेसाठी महाविद्यालयात परतावे लागेल, ही रजा आधीच ठरवून घ्यावी.

कारखान्यात वर्ष काढले की पुढे ‘एफडीए अप्रूव्हल’, म्हणजे कारखान्यातील जबाबदार तांत्रिक व्यक्ती म्हणून औषध प्रशासनाची मान्यता, लवकर मिळते, असे विद्यार्थ्यांमध्ये बोलले जाते. त्याबद्दल नेमके सांगते. औषध नियम १९४५ मधील नियम ७१ प्रमाणे उत्पादनाची देखरेख करणाऱ्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला पदवीनंतर उत्पादनाचा किमान १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमादरम्यान सहा महिने औषध उत्पादनाचे प्रशिक्षण झाले असेल तर त्यात सहा महिन्यांची सूट मिळू शकते. शब्द ‘उत्पादन’ असा आहे. चाचणी विभागाच्या प्रमुखासाठी महिन्यांचा आकडा नाही. परवाना अधिकाऱ्याला पुरेसा वाटेल इतका चाचणीचा अनुभव हवा, एवढेच म्हटले आहे. त्यामुळे ज्याचे ध्येय उत्पादन विभाग आहे, त्याने या दोन्ही पर्यायांपेक्षा प्रोसेस व्हॅलिडेशनचा, म्हणजे उत्पादनाच्या मजल्यावर उभे राहून करायचा प्रोजेक्ट मागावा, आणि प्रमाणपत्रावर विभागाचे नाव व तारखा स्पष्ट लिहून घ्याव्यात.

माझा कल विचाराल, तर ज्याला पीएच. डी. किंवा फॉर्म्युलेशनमधलेच करिअर निश्चितपणे हवे आहे आणि ज्याला मार्गदर्शक म्हणून प्रत्यक्ष बेंचवर काम करणारी व्यक्ती मिळत आहे, त्याने एफ अँड डी निवडावे. बाकी सर्वांनी, विशेषतः ज्यांना जूनमध्ये लगेच नोकरी लागणे घरासाठी आवश्यक आहे त्यांनी, व्हॅलिडेशनचा विषय असलेली क्यूसीतील जागा घ्यावी. एचपीएलसी स्वतः चालवलेला आणि ओओएस जवळून पाहिलेला उमेदवार मुलाखतीत पाच मिनिटांत ओळखू येतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीसमोर दोन्ही पत्रे होती. एफ अँड डीच्या पत्रात विषय ‘रुजू झाल्यावर कळवू’ असा होता, तर क्यूसीच्या पत्रात औषधाचा गट, उपकरण आणि मार्गदर्शकाचा हुद्दा दिलेला होता. तिचा ओढा पहिल्याकडे होता. मी तिला पहिल्या कंपनीला फोन करून विषय विचारायला सांगितले. आठ दिवसांत उत्तर आले नाही, आणि नवव्या दिवशी तिने कुरकुंभला खोली घेतली.