कोकमाच्या सोलांच्या ड्रायरसाठी सरकारी योजना घेतली, त्याला दीड वर्ष झाले

ड्रायर आला तो २०२४ च्या जूनमध्ये. बाहेर धो धो पाऊस, परसातल्या झाडाखाली सडलेल्या भिरंडांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, लालभडक चिखल आणि पडवीत प्लास्टिकात गुंडाळलेले अडीच लाखांचे यंत्र. ज्या हंगामासाठी अर्ज केला होता तो संपून पंधरा दिवस झाले होते. सासूबाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “आता यात कपडे तरी सुकव.”

पावसाळ्यात खरेच दोनदा कपडे सुकवले. योजनेच्या नियमात बसत नसेल, पण लिहायचे तर सगळेच लिहिते.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. सोलं (कोकमाची सुकवलेली साल), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसाचे पापड, तोरांचे म्हणजे कैऱ्यांचे लोणचे असा आमचा पसारा. आठ-नऊ वर्षे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसून विकले, ओळखीच्या दोन दुकानांत ठेवले. कागदावर मात्र काहीच नव्हते. मे महिन्यात वळवाचा एक पाऊस पडला की गच्चीवरची अर्धी सोलं बुरशीला जायची, म्हणून ड्रायर हवा होता. एवढीच गरज.

पणजीला दोन फेऱ्या मारल्यावर कळले की मदतीच्या योजना भरपूर आहेत, पण प्रत्येकीचे दार वेगळे. केंद्राची रोजगारनिर्मितीची योजना, पीएमईजीपी, फक्त नव्या उद्योगाला, आमचा आधीच चालू, म्हणून ती बाद. १९७५ पासून चालू असलेल्या ईडीसीची, म्हणजे गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजनाही पाहिली, पण ती घराजवळच्या मुलाने टॅक्सीसाठी घेतली होती, आमच्या मनात ती ‘पोरांची योजना’ अशीच बसली होती. केंद्राची मुद्रा योजना म्हणजे नुसते कर्ज, अनुदान नाही. शेवटी गाठ पडली ती प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेशी, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात. चालू उद्योगालाही चालते, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. आमचा प्रकल्प ६ लाख ४० हजारांचा: ड्रायर, सीलिंगचे यंत्र, स्टीलची टेबले, बाटल्या आणि मागच्या खोलीची फरशी. आमचे ६४ हजार, अनुदान २ लाख २४ हजार, बाकी कर्ज.

याच सुमारास एकाने “सगळे मी करून देतो” म्हणून पंधरा हजार मागितले. भाच्याने तर त्याआधीच उद्यम नोंदणीसाठी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कुठल्याशा सरकारी वाटणाऱ्या संकेतस्थळावर दीड हजार भरून टाकले होते. उद्यम नोंदणी फुकट असते, आधार आणि पॅन असले की झाले. ते पैसे गेले ते गेले.

पंधरा हजार वाचले ते जिल्हा संसाधन व्यक्तीमुळे. नाव बोजड आहे, पण कामाचे माणूस. योजनेतच तिची नेमणूक असते, मानधन योजनेतून मिळते, आपण द्यायचे काही नसते. आमच्याकडे आली ती पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, स्कूटरवरून, हेल्मेट काढता काढताच म्हणाली, “काकी, आधी माल दाखवा, कागद मागाहून.” दोन तास बसली. मागच्या मे महिन्यात किती किलो सोलं वाया गेली ते विचारले. मला माहीतच नव्हते. मग तिने मला माझीच वही काढायला लावली आणि बाजाराचे शुक्रवार मोजून विक्रीचा आकडा काढला. वर्षाला आपण एवढे विकतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. प्रकल्प अहवाल म्हणून जे मोठे प्रकरण सांगतात, ते या वहीतूनच उभे राहिले.

बँकेत मात्र गाडे अडले. कुठली बँक ते सांगत नाही. घर मुंडकारी, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेतले, कागद अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि साहेबांना तारण हवे होते. मी तर फाईल उचलून घरी यायला निघाले होते. त्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “काकी, अशा छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही, अशी रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे. तुम्ही भांडू नका, एवढेच लेखी द्या म्हणा.” मी तेवढेच म्हटले. लेखी कोणी दिले नाही, तारणाचा विषयही पुन्हा निघाला नाही. पण ‘या पुढच्या सोमवारी’ हे मी सात सोमवार ऐकले. नोव्हेंबरचा अर्ज मार्चअखेर मंजूर झाला. मग कोटेशनवरची तारीख जुनी झाली म्हणून नवे कोटेशन, मग यंत्रवाल्याकडे रांग. झाडावर भिरंडे एप्रिलमध्येच लाल व्हायला लागली होती.

थोडी चूक आमचीही. एवढ्या ड्रायरला थ्री फेज वीज लागते हे यंत्र दारात आल्यावर कळले. कोटेशनच्या खालच्या ओळीत लिहिलेले होते, आम्ही किंमत तेवढी वाचली होती.

पहिला घाणा हळदीचा, दुसरा केळ्यांचा, दोन्ही ठीक. खरी परीक्षा २०२५ च्या एप्रिलमध्ये झाली आणि आम्ही त्यात आधी नापास झालो. लवकर सुकावे म्हणून ७० अंशांवर लावले. सकाळी ट्रे ओढला तर सोलं वरून काळी, चामड्यासारखी कडक, आणि दोन बोटांत दाबली की आतून पाणी. चौदा किलो वाया. योजनेच्या प्रशिक्षणात भेटलेल्या एका बाईंना फोटो पाठवला. त्यांनी सांगितले की वरची साल आधी कडक झाली की आतला ओलावा बाहेर पडायला वाटच उरत नाही, ५० ते ५५ वर ठेवा आणि मध्ये काढून पुन्हा रसात बुडवा. तसे केले. उन्हात आठ-दहा दिवस लागायचे, आता चार बुडव्या धरून अडीच दिवस. रंग उन्हातल्या सोलांइतका नाही, थोडा गडद येतो. जुनी गिऱ्हाइके ओळखतात. एका आजीने तर “ही तुझी नव्हेत” म्हणून परत ठेवली.

त्या मे महिन्यात काय झाले ते गोव्यात कोणाला सांगायला नको. २५ मे रोजी मोसमी पाऊस दाखल, त्याआधीच चार-पाच दिवस झोडपून काढलेले. शेजारणीची सगळी सोलं गेली. आमची सुमारे साठ किलो ड्रायरमध्ये होती. रात्री दोन वाजता वीज गेली आणि पहाटे आली, तेवढे तास आम्ही दोघे दार न उघडता नुसते त्या यंत्राकडे बघत बसलो होतो. माल वाचला. हप्ता महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास आहे, त्या एका आठवड्याने चार हप्ते तरी भरून दिले.

प्रशिक्षण तीन दिवसांचे होते. हिशेबाचा भाग कंटाळवाणा, लेबलचा भाग सोन्यासारखा. आमच्या आगळाच्या बाटलीवर नाव आणि फोन नंबर एवढेच असायचे. आता घटक, निव्वळ प्रमाण, बॅच क्रमांक, तारीख, हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक. या नोंदणीला आम्हाला वर्षाचे शंभर रुपये पडले. लेबल आल्यावर पणजीच्या एका दुकानाने पहिल्यांदा माल घेतला. नंतर त्यांनीच नऊ बाटल्या परत केल्या, कारण पत्र्याच्या झाकणांना आतून गंज. आगळ म्हणजे मीठ आणि आंबट, पत्रा टिकणार कसा? सासूबाई चिनी मातीच्या बरणीला लाकडी झाकण का ठेवायच्या ते तेव्हा डोक्यात शिरले. आता प्लास्टिकची झाकणे.

विक्रीची मदत मात्र फार तोकडी वाटली. मेळ्यात स्टॉल मिळतो, तीन दिवस गर्दी असते, लोक चव घेऊन ‘वा वा’ करतात आणि जातात. यंत्र घेईपर्यंत चार माणसे फोन उचलतात, माल तयार झाल्यावर कोणाला फोन करायचा ते कुठे लिहिलेले नाही. आमचा निम्मा माल अजून शुक्रवारी म्हापशातच जातो, टोपलीतूनच.

अनुदानाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगते: ते हातात येत नाही. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षे कर्ज नीट चालू ठेवले तर कर्जात वळते होते. म्हणजे आमचे २०२७ मध्ये. एखादा हप्ता चुकला की पोटात गोळा येतो तो त्यामुळे.

माझ्या नणंदेला फणसाच्या पापडांसाठी यंत्र घ्यायचे आहे. तिला मी चतुर्थीच्या आधीच अर्ज टाकायला लावला, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या गडबडीत ती माझ्यावर वैतागली होती. कच्चा फणस मार्चमध्ये लागतो. थ्री फेजचा अर्ज आधीच दिलाय, कोटेशन खालच्या ओळीपर्यंत दोघींनी वाचलेय. तिची फाईल गेल्या आठवड्यात बँकेत पोचली.