फॉगर, झारी की ठिबक? कोकणातल्या नर्सरीचं पाणी आणि लेजिओनेला

गेल्या ऑक्टोबरात पाऊस उघडला आणि फॉगरची, म्हणजे पाण्याचं धुकं करणाऱ्या नोझलांची, मोटर लावायच्या आधी मी एका लाइनचं शेवटचं बूच काढलं. चार महिने पाइप बंद होते. आधी नुसती हवा सुटली, मग चहाच्या चोथ्यासारखे तांबूस-काळे पापुद्रे आणि कुजकट वासाचं पाणी आलं. बोट आत फिरवलं तर पाइप बुळबुळीत लागला. बूच न काढता मोटर लावली असती, तर हेच पाणी धुकं होऊन शेडनेटमध्ये पसरलं असतं. त्यातच कलमं उचलणाऱ्या बायका उभ्या असत्या, गिऱ्हाइकंही असती.

अशा थरात लेजिओनेलाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका मेळाव्यानंतर या जंतूंचा न्यूमोनिया पहिल्यांदा ध्यानात आला. तो सहसा पाणी पिऊन होत नाही. बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की होतो. म्हणून नवी नर्सरी टाकणाऱ्याने ‘कुठलं औषध टाकू’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पाणी कुठे साठवायचं आणि कसं उडवायचं, हे आधी ठरवावं.

थंड देशांतल्या नियमावल्या सांगतात, की गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, कारण २० ते ४५ अंशांत हे जंतू वाढतात. आपल्याकडे तो मार्गच बंद आहे. आमच्या विहिरीचं पाणी भर थंडीतही २५ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: पाणी साचू द्यायचं नाही आणि क्लोरीन राखायचं.

टाकीपासून सुरुवात करू. सड्यावर स्टँड करून ठेवलेली काळी प्लास्टिकची टाकी स्वस्त, एका दिवसात बसते, उंचीमुळे दाबही मिळतो. एप्रिलात दुपारी तीनला मी तिच्यात थर्मामीटर सोडला तर ३८ अंश. जंतूंना याहून सोयीचं काही नाही. त्याच दुपारी आंब्याच्या सावलीतली, जांभ्याच्या चिऱ्यांची, आतून गिलावा केलेली टाकी २९ वर होती. तिला खर्च जास्त, गवंड्याची वाट बघावी लागते आणि झाकण नसेल तर पालापाचोळा पडून गाळ होतो. पण माणूस आत उतरून ती घासू शकतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. जागा असेल तर चिऱ्यांचीच बांधा, वर घट्ट झाकण करा. प्लास्टिकची घेतलीच असेल तर तिच्यावर झावळ्यांचा मांडव घाला. रोज २००० लिटर लागत असताना ५००० ची टाकी घेऊ नका. शिल्लक पाणी तापत आणि साचून राहतं.

आता पाणी द्यायची पद्धत. खरा निर्णय इथेच आहे. फॉगरचे थेंब इतके बारीक, की ते खाली न पडता हवेत तरंगतात, आणि आपल्या दमट हवेत लवकर सुकतही नाहीत. मायक्रो स्प्रिंकलरचे थेंब मोठे, बरेचसे लगेच खाली येतात, तरी थोडे तुषार उडतातच. झारी किंवा नळीला लावलेला मोठ्या छिद्रांचा फवारा त्याहून बरा. ठिबकमध्ये तुषार जवळजवळ नाहीतच, पण हजारो छोट्या पिशव्यांना ते परवडत नाही. मोठ्या कुंड्या आणि मातृवृक्षांना उत्तम.

फॉगरशिवाय भागेल का? आंबा-काजूची कलमं करणाऱ्यांना मी ठामपणे हो म्हणेन. आपण बहुतेक कलमं पावसाळ्यात बांधतो, तेव्हा हवेत ओलावा फुकट असतो, आणि काडीवर चढवलेली प्लास्टिकची टोपी उरलेलं काम करते. शोभेच्या झाडांच्या छाट्या उन्हाळ्यात रुजवायच्या असतील तर फॉगर लागतोच. मग त्याला टाकीतलं उन्हात तापलेलं पाणी देऊ नका. विहिरीचं ताजं, गाळलेलं, क्लोरीन दिलेलं पाणी द्या. टायमर असा लावा, की फॉगर चालू असताना आत कुणी नसेल.

दुकानापुढच्या शोभेच्या कारंज्याचं मला जास्त भय वाटतं. तेच पाणी उन्हात फिरत राहतं आणि मुंबई-गोवा महामार्गावरून आलेली वयस्क माणसं त्याच्याशेजारी फोटो काढतात. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या बुडबुड्यांच्या गरम टबमुळे किमान ३२ माणसं दगावली. त्यातली बरीचशी नुसती जवळून गेली होती. कारंजं आठवड्याला रिकामं करून, घासून, वाळवणार नसाल तर ते कोरडंच विकायला ठेवा.

औषधांत माझं मत टीसीएल पावडरकडे, म्हणजे ब्लीचिंग पावडरकडे, आहे. स्वस्त, गावात मिळते, आणि मुख्य म्हणजे तिचं क्लोरीन पाइपात पुढपर्यंत टिकतं. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता, नाहीतर नोझल चोंदतात. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगाने दाखवणारी तपासणी) करा, तीही टाकीपाशी नव्हे, शेवटच्या नोझलपाशी. तिथे पिवळी झाक आली नाही तर वाटेतल्या पाइपातला थर क्लोरीन खातोय असं समजा. कोकणच्या दमट हवेत उघडी पिशवी लवकर निकामी होते, म्हणून पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवा विकणारे म्हणतात, औषधच नको. पाणी दिव्याखालून जाताना जंतू मरतात हे खरं, पण पुढच्या पाइपातल्या थराला तो हातही लावत नाही. आपल्या लोहयुक्त पाण्याने दिव्याच्या काचेवर तांबडा लेप चढतो, आणि वीज गेली की संरक्षणही जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडची मिश्रणं थर सोडवतात, पण महाग पडतात, डोसिंग पंपही लागतो. पाच-सहा लाइनींच्या नर्सरीला हे दोन्ही खर्च नकोत.

काहीही निवडलं तरी ऑक्टोबरची सफाई सुटत नाही. टाकी रिकामी करून घासा. नोझल काढून वेगळी भिजवा, म्हणजे तीव्र क्लोरीनचे तुषार उडणार नाहीत. १००० लिटरला १५० ते २०० ग्रॅम टीसीएलचं पाणी पाइपांत तासभर कोंडून ठेवा, मग रोपांपासून आणि पऱ्यापासून (ओढ्यापासून) लांब सोडून स्वच्छ पाणी फिरवा. ठिबक धुवायचं आम्ल त्याच दिवशी वापरू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

खताच्या आणि कोकोपीटच्या मिश्रणात याच कुळातला दुसरा जंतू, लाँगबीची, सापडतो. पोतं तोंडापासून लांब धरून उघडा, झारीने ओलं करून मगच कालवा, एन-९५ मास्क लावा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

नर्सरीतल्या कुणाला ताप, कोरडा खोकला, धाप लागली, तर आपल्याकडे आधी लेप्टो आणि डेंग्यू तपासतात. ते बरोबरच आहे. पण त्याच वेळी डॉक्टरांना सांगा, की हा माणूस गेले दोन आठवडे फॉगरखाली काम करत होता. न्यूमोनियाची नेहमीची पेनिसिलीनसारखी औषधं या जंतूवर चालत नाहीत; लघवीची तपासणी आणि वेगळं अँटिबायोटिक लागतं.